सगळेच जादूगार

चष्म्याच्या दुकानाचं शटर रविवारी दुपारी खाली आलं, की मागच्या खोलीत, जिथे एरवी काचा घासल्या जात, तिथे टेबलावर फासे आणि नकाशा मांडला जायचा. खेळ चालवायची दुकानाची मालकीण. गोष्ट ती सांगणार, राक्षस तिचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन वाट काढायची. बाकीचे म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा दीर, नर्स असलेली नणंद आणि समोरचा सलूनवाला.

खेळाच्या पुस्तकात योद्धे होते, चोर होते, आणि जादूगार तीन प्रकारचे: पोथ्या वाचून शिकलेला, जन्मतःच अंगात जादू असलेला आणि देवाकडून वर मिळालेला. तिघांनी ते तीनच उचलले. मग काय, राक्षस सरळ अंगावर यायचे आणि पहिल्याच झटापटीत तिघं आडवे.

"भावजी, तुम्ही तरी ढाल घ्या."

"आठवडाभर ग्रीसमध्येच हात असतात, वहिनी. इथे तरी टिचकीवर काम होऊ दे. उलट जादूगारच वाढव, तिनांत काय मजा?"

नाही म्हणणं तिला जमत नसे, तिथेच घोडं पेंड खायचं. गिऱ्हाईक नसताना काउंटरवर बसून तिने दोन नवे जादूगार रचले. एक आवाजातून जादू काढणारा. दुसरी स्वतःचं रक्त खर्चून मंत्र टाकणारी. मंत्रागणिक ताकद कमी.

नणंदेने रक्तवाली घेतली आणि लगेच पळवाट शोधली. जखम भरायचा मंत्र स्वतःवरच टाकायचा; गेलं त्यापेक्षा जास्त परत.

"वन्सं, असं नसतं."

"तूच लिहिलंयस. वाच."

तिने वाचलं. तसंच लिहिलं होतं.

आवाजवाला सलूनवाल्याकडे गेला. तो खरोखरच बोंबलायचा. वरच्या मजल्यावरून काठी आपटली गेली, तेव्हा थांबला.

पुढच्या खेपेला तिने वाटेत एक दार ठेवलं. जादूला न जुमानणारं, निव्वळ खांदा लावून ढकलायचं. तिघांत मिळून एका कोंबडीचं बळ नव्हतं. अख्खी दुपार दारापाशी गेली.

"एखादा पैलवान असता ना," सलूनवाला म्हणाला.

तिने नकाशाची घडी घातली. बोलली असती तर नको ते बोलली असती.

शेवटी तिने सहावा रचला: ढालवाला मांत्रिक. सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा; जितका मार, तितकी जादू. त्याला कुणी हात लावेना. मग तिने नवऱ्याला हाक मारली. या खेळाला तो रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणायचा.

"पाठ काय करावं लागेल?"

"काही नाही. उभं राहायचं."

"मग जमेल."

त्याने दार उघडलं. पलीकडच्या राक्षसांचा मार निमूट खाल्ला आणि त्याच बळावर त्यांना उडवलं. मागचे तिघं पहिल्यांदाच जिवंत राहिले. तिच्या जिवात जीव आला.

"वहिनी, मला हाच हवा," दीर म्हणाला.

"मलाही," नणंद म्हणाली. सलूनवाल्याने नुसतं बोट वर केलं.

"सगळेच पुढे उभे राहिलात, तर मागून मंत्र कोण टाकणार?"

मग नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, एखादा सातवा काढ ना."

तिने फासे चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकले, डबी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. एकाच कपाचं.