शेजारचा ब्रेक

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतात आणि विजेचा खांब वाचतो. इथवर ठीक आहे. पण सवय अशी की पाय कुठेच स्वस्थ बसत नाही. रिक्षात बसले की भावोजी समोरचा पत्रा दाबतात. टीव्हीवर पाठलाग सुरू झाला की आमचा टीपॉय भिंतीकडे सरकतो. मी त्यांची मेहुणी, तेव्हा थट्टा करायचा हक्क माझाच, आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही.

ताईचं लाँड्रीचं दुकान आहे. दिवसभर समोर वाफ सोडणारी इस्त्री, मागे तापलेली भिंत. दक्षिणेकडच्या डोंगरात थंड हवेचं एक ठिकाण आहे. तिथून कोणी गिऱ्हाईक जाऊन आलं की स्वेटर धुवायला टाकतं, आणि ताई तो पाण्यात घालायच्या आधी हळूच हुंगते. "मला एकदा दात वाजेपर्यंत थंडी वाजली पाहिजे," हे वाक्य मी लहानपणीच्या कवितेसारखं पाठ केलंय. शेवटी यंदा आम्हा तिघांचं जायचं ठरलं. शनिवार-रविवार, गाडीने, अगदी निवांत.

निवांत हा शब्द भावोजींच्या हाती देऊ नये. त्यांनी वायपर बदलले, धुक्याचे दिवे बसवून घेतले, हॉर्न बरा वाजत होता तोही बदलला. वाटेत चहा कुठे प्यायचा, हे ठरवायला स्वतंत्र बैठक झाली. एवढी धावपळ लोक घरच्या लग्नातही करत नाहीत.

मग घोडं अडलं कुठे? तर भावोजींच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी घाटात गाडी चालवायला सक्त मनाई केलेली. म्हणजे चालवणार ताई. तिला भावोजींनीच शिकवलंय, लायसन्सही आहे. पण घरात गाडी एकच, ती ड्रायव्हिंग शाळेची, दोन ब्रेकवाली.

"तो तुमच्याकडचा ब्रेक काढून ठेवा, मग जाऊ," ताई म्हणाली.

"इंजिनही काढू का?" भावोजी म्हणाले. "अगं, घाट आहे तो. गंमत नाही."

"मग राहू द्या. मला नाही यायचं."

मला वाटलं, नवरा-बायकोचं नेहमीचं लुटुपुटीचं भांडण. पण दुपारी दुकानात ताई शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाली, "मला घाटाची भीती नाही गं. इतकी वर्षं मी यांच्या शेजारी गाडी चालवते, आणि गाडी मी थांबवली की यांनी, हे मला आजवर कळलेलं नाही. तिथे जाऊनही तेच कळणार नसेल तर इथला उकाडा काय वाईट?"

 

मध्यस्थी म्हणून मी रंगीत तालीम सुचवली. पाण्याच्या टाकीकडे एक चढ आहे, तिथे ताईने चालवायचं आणि भावोजींनी पाय आवरायचा. भावोजींनी कबूल केलं. मी मागे बसले, पंच म्हणून. ताईने चढावर गाडी अशी उचलली की ती तसूभरही मागे आली नाही. भावोजींचे दोन्ही हात मांडीवर, चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा. उतरताना एक कुत्रं आडवं आलं आणि गाडी अलगद थांबली.

"शाब्बास!" भावोजी म्हणाले.

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने खाली वाकून त्यांचा पाय पाहिला. पाय ब्रेकवर होता. भावोजींनीही खाली पाहिलं, आणि कोणी दुसऱ्यानेच तो तिथे ठेवला असावा तसे दचकले. ताईने किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि ती चालत घरी गेली.

पुढचे काही दिवस घरात शुकशुकाट. ताई आदळआपट करणाऱ्यातली नाही. तिने फक्त भावोजींच्या पँटवर इस्त्रीच्या दोन-दोन रेघा पाडल्या, शेजारी शेजारी. जिच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या रुमालाची घडीसुद्धा वाकडी जात नाही, तिने! भावोजी त्याच पँट्स घालून शिकवायला गेले. एका विद्यार्थिनीने विचारलंच, "मास्तर, नवी फॅशन का?" मास्तरांनी तिला मुकाट्याने गिअर बदलायला सांगितलं.

त्यानंतर ते मेकॅनिककडे गेले. हे मला मेकॅनिकनेच नंतर सांगितलं. मास्तरांनी गाडी आत घेतली आणि म्हणाले, "माझा ब्रेक काढ." मेकॅनिकला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मास्तर, शाळा बंद करताय?" त्यावर म्हणे भावोजी ड्रायव्हरच्या सीटकडे बघत म्हणाले, "नाही रे. एक जण पास झालीय. सांगायचं राहून गेलं होतं."

घरी मात्र अवाक्षर नाही. शनिवारी सकाळी ताईला त्यांनी फक्त गाडीचं दार उघडून दिलं. ताईने आत पाहिलं. त्यांच्या सीटपुढे नुसती रबरी चटई होती. ती घरात जाऊन त्यांच्यासाठी दुसरी पँट घेऊन आली, एकाच रेघेची. सामान ठेवताना मला डिकीत स्वेटरांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. ब्रेकचं पेडल! घरी ठेवून यायचा धीर झाला नव्हता गृहस्थाला. मी ते पुन्हा गुंडाळून ठेवलं. थट्टेलाही वेळकाळ असतो.

घाट लागला. भावोजी चटई दाबत होते. प्रत्येक वळणाला दाबत होते, आणि गाडी त्यांना अजिबात विचारत नव्हती. अर्ध्या चढावर एका आंधळ्या वळणातून भरधाव बस आली, आमच्या बाजूला घुसून.  गाडी कडेला झाली आणि थांबली. बस गेली. हॉर्न विरला. 

ताईचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. समोर बघतच तिने विचारलं, "अहो, कोणी थांबवली?"

भावोजींनी घसा खाकरला. "तू," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला उशीर झाला असता."

ताईने डोळे पुसले, गिअर टाकला आणि गाडी वर काढली. धुकं सुरू झालं होतं. तिने काच खाली केली. गार वारा आत शिरला, आणि थोड्याच वेळात तिचे दात खरोखर वाजायला लागले, तरी ती काच वर घेईना. मी भावोजींना काहीतरी टोमणा मारावा म्हणून पुढे वाकले, तर त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि दोन्ही पाय वर घेऊन ते सीटवर मस्त मांडी घालून बसले होते.