नकाशेबाईंचं बेट

नकाशेबाई शाळेत दिवसभर पाण्याचा थेंबही तोंडात घालत नसत. सकाळी साडेदहाला रिक्षातून उतरल्या की संध्याकाळी परत रिक्षात बसेपर्यंत नाही. एप्रिलात वर्गावरचे पत्रे तापायला लागले की आम्ही मुली दर तासाला माठाकडे पळायचो. बाई मात्र कोरडे ओठ जिभेनं ओले करून फळ्यावर पुढची नदी काढायला घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंचं काहीतरी व्रत असावं. आमच्या बाईंना तहान लागतच नाही, असं मी घरी आईला मोठ्या अभिमानानं सांगितलंही होतं.

त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं. नकाशेबाई हे आम्ही ठेवलेलं. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत एक कुबडी. फळ्यापाशी आल्या की कुबडी भिंतीला टेकवायच्या, एका हातानं फळ्याची कड धरायच्या आणि दुसऱ्या हातानं पुस्तकात न बघता भारताचा नकाशा काढायच्या. सगळा देश काढून झाला की समुद्रात अंदमान-निकोबारचे ठिपके द्यायच्या, एकेक, सावकाश. कुणी घाईनं ते गाळले की म्हणायच्या, "परीक्षेत मार्क नाहीत म्हणून बेटं बुडत नसतात. काढ."

पाय कशानं गेला, हे विचारायची आमची छाती नव्हती. एकदा पोलीस ॲक्शनचा धडा चालू असताना त्यांनी आपण होऊनच सांगितलं. त्यांचं गाव गंगापूरकडचं. त्या धामधुमीत घरचे सगळे दोन-तीन आठवडे एका नातेवाइकांच्या मळ्यात जाऊन राहिले होते. बाई तेव्हा वर्षाच्या. तिथंच त्यांना ताप भरला. "सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीत पोरीच्या तापाकडं कोण बघणार? ताप उतरला, पाय लुळाच राहिला," एवढं बोलून त्यांनी पान उलटायला सांगितलं.

दर वर्षी शाळेची सहल वेरूळला जायची आणि बाई न चुकता यायच्या. चालता येईल तेवढं खालच्या अंगणातून चालायच्या आणि जिना आला की एखाद्या चौथऱ्यावर बसायच्या. "वर जाऊन या आणि काय बघितलं ते मला सांगा." आम्ही त्यांना खूश करायला भलभलतं सांगायचो. एका मुलीनं वरच्या मजल्यावर सात डोक्यांचा हत्ती असल्याचं सांगितलं. बाईंनी तिला पुन्हा वर पाठवलं. "मला खरं सांग. बरं वाटावं म्हणून सांगू नको." मुलीला धापा टाकत परत जावं लागलं. बाईंना खोटं चालत नसे, हे त्या दिवसापासून शाळेत सगळ्यांना ठाऊक झालं.

पुढे मी सरकारी कचेरीत नोकरीला लागले, लग्न झालं, शहरातच गारखेड्यात घर झालं. आणि एके दिवशी आमच्याच गल्लीत तळमजल्यावरच्या एका खोलीत सामान उतरताना दिसलं, त्यात शाळेतली ती कुबडी. बाई निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ गावाकडे. मग माझं रोजचं जाणं-येणं सुरू झालं. कचेरीतून येताना मी त्यांच्याकडे चहा घ्यायची. त्यांच्या खोलीत टेबलावर पृथ्वीचा गोल होता, धुळीचा कणही नसलेला.

"तुम्ही समुद्र बघितलाय, बाई?" एकदा मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं शिकवला, बघितला नाही. सोबत कोण येणार?"

त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी अंदमानची सहल काढली होती. अठरा माणसं. मी बाईंचं नाव माझ्या नावाखाली घातलं. बाईंना तसं सांगितलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "येते. पण एक सांगून ठेवते, मला कुणी उचलायचं नाही."

विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली, तेवढ्यावर त्या राजी झाल्या. पोर्ट ब्लेअरला पहिले तीन दिवस बरे गेले. रस्त्यांना चढउतार फार, बाईंचा वेग आमच्या निम्म्यानं. मंडळी पुढे जाऊन थांबायची आणि घड्याळाकडे बघायची. मी बाईंबरोबर मागे असायची. त्या प्रत्येक झाडाचं नाव विचारत, दगड हातात घेऊन बघत. मी हो हो म्हणत असे आणि माझं लक्ष पुढच्या घोळक्याकडे असे. हे मला लपवायचं नाही.

चौथ्या दिवशी एका छोट्या बेटावर प्रवाळ बघायला जायचं होतं. धक्क्यावरून खाली शेवाळलेल्या पायऱ्या आणि त्यांच्याखाली लाटांवर हलणारी होडी. बाईंनी एक पायरी उतरून बघितली. कुबडी सरकली. होडीवाला दोन्ही हात पुढे करून आला. बाई म्हणाल्या, "नको." सहलीचे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही इथंच निवांत बसा. तीन तासांत आलोच."

मी म्हणाले, "मी थांबते."

"कशाला? तू जा," बाई म्हणाल्या. "बघून घे नीट."

मी आणखी एकदा आग्रह धरला असता तर? मी धरला नाही. त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा दिला, त्यांना एका टपरीच्या सावलीत बाकावर बसवलं आणि होडीत चढले. खरं सांगायचं तर होडी सुटल्यावर मला हायसं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या चालीनं चालणार होते.

तीन तासांचे पाच झाले. परतीला होडीचं इंजिन बंद पडलं. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा टपरीची सावली बाकावरून कधीच सरकली होती. बाई त्याच जागी, भर उन्हात, ताठ बसलेल्या. चेहरा लालबुंद, ओठ फाटलेले. बाटली तशीच भरलेली, झाकणाचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. मी घाबरले आणि घाबरल्यामुळे रागावले.

"एक घोट तरी प्यायचा, बाई. काय हा हट्ट?"

"संडास तिथं वर आहे," त्यांनी हात केला. "अठरा पायऱ्या."

मी बघितलं. अठराच असणार. त्यांनी मोजल्या होत्या.

"मग दिवसभर..."

"शाळेत चौतीस वर्षं हेच केलं. आपली बाथरूम मागच्या अंगाला होती, आठवते? सहा पायऱ्या उतरून, आणि दाराला उंबरा. पहिल्याच वर्षी पडले होते, पावसात. शिपाईमामांनी उचललं. त्यानंतर पाणीच बंद केलं." त्या हे अगदी साधेपणानं सांगत होत्या. "सवय होते ग."

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी मंडळींना पुढे जाऊ दिलं आणि मी एक रिक्षा करून बाईंना एका किनाऱ्यावर नेलं, जिथं रस्ता थेट वाळूपर्यंत जातो. निघण्याआधी संडासाची सोय कुठं आहे ते मी विचारून ठेवलं होतं. बाई वाळूत दहा पावलं चालल्या. अकराव्या पावलाला कुबडी रुतली. तिथंच त्या बसल्या आणि म्हणाल्या, "पट्टे सोड."

मी कॅलिपर काढला. त्यांचा पाय मी पहिल्यांदा बघितला. माझ्या मनगटाएवढा, पांढराफटक. हातांवर रेटा देत त्या बसल्या बसल्याच पाण्याकडे सरकत गेल्या. मी मदतीला वाकले तर मानेनंच नाही म्हणाल्या. लाट आली, कमरेपर्यंत भिजवून गेली. दुसऱ्या लाटेत त्यांचे दोन्ही पाय पाण्यावर उचलले गेले.

"इथं दोन्ही सारखेच लागतात," बाई म्हणाल्या.

त्या तासभर पाण्यात होत्या. निघताना मात्र ओल्या वाळूतून त्यांना उठता येईना. नारळ विकणारी एक थोराड बाई हे सगळं बघत होती. ती आली, काही न विचारता तिनं बाईंना एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. आम्ही दोघींनी त्यांना उचललं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. रिक्षात बसेपर्यंत उघडले नाहीत.

परत आल्यावर वर्षभरात बाईंच्या पायांना सूज यायला लागली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, हे आजचं नाही. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावाकडून भाऊ यायचा, बाकीच्या दिवशी मी. बाई यंत्राकडे बघत पडून असायच्या आणि नर्सला तिचं गाव कुठल्या नदीकाठी आहे ते विचारायच्या.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघीच होतो. दीड वर्ष मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी मी जायला नको होतं. आणि होडी सुटल्यावर मला बरं वाटलं होतं. मोकळं वाटलं."

"व्हय, दिसलं मला," बाई म्हणाल्या. "होडीत तू पोरीसारखी पुढं जाऊन उभी राहिलीस."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाल्या, "मलाही बरंच वाटलं. चार दिवस सगळे माझ्यासाठी थांबत होते. त्या बाकावर माझ्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. मी पाच तास समुद्र बघितला."

त्यानंतर तीन दिवसांनी बाई गेल्या.

बाईंना खोटं चालत नसे, असं मी आजही त्यांच्याबद्दल विचारणाऱ्या सगळ्यांना सांगते. फक्त त्या एका दुपारी त्या माझ्याशी खरं बोलल्या, की मला बरं वाटावं म्हणून बोलल्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.