पांदणीऐवजी रस्ता

आर्वीच्या अगदी कडेला, शेतात आमचं घर होतं. तिथून दोन शेतांच्या मधून एक पांदण थेट शाळेमागे निघायची. बैलबंडी जेमतेम जाईल एवढीच वाट, दोन्हीकडे बोरी-बाभळी. मी पाचवीत होते. शाळेची पहिली घंटा ऐकून घरून निघाले तरी वेळेवर पोचायचे.

पांदणीपलीकडचं शेत बाबांच्या दोस्ताचं. मी त्यांना काका म्हणायचे. पोळ्याला त्यांचे बैल आधी आमच्या दारी यायचे. त्या वर्षी गाव वाढायला लागलं आणि काकांनी शेताचे प्लॉट पाडले. पांदण आमच्या बांधाला लागून होती, म्हणून ती मोडून प्लॉटांत घ्यायला बाबांचा अंगठा हवा होता.

काकांनी आणलेला कागद बाबांनी माझ्या हाती दिला. घरात अक्षर ओळखणारी मी एकटी, तोरा तर होताच. खड्या आवाजात वाचलं, "पांदणीऐवजी रुंद पक्का रस्ता."

"आता पोरीले चिखल तुडवा लागत नाई," काका म्हणाले. बाबांनी अंगठा उमटवला. मायनं चहा ठेवला.

रस्ता झाला. खडी-डांबराचा, चांगला सरळ. शाळेपासून निघून काकांच्या प्लॉटांमधून आला आणि शेवटच्या प्लॉटाशी संपला. पुढे आमच्या बाजूला काटेरी तार.

बाबा विचारायला गेले, मी सोबत होते.

"रस्ता देतो म्हटलं, देल्ला," काका म्हणाले. "तुह्या घरापरेंत म्हटलं होतं काय? तुह्या पोरीनंच त वाचलं."

केसानं गळा कापणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. वर तो केस माझ्याच हाती दिला होता. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता शाळेला नाल्याकडून मोठा वळसा होता. श्रावणात नाला भरला, तेव्हा माय म्हणाली, "पुढच्या वर्षी पाहू." आमच्या घरी पाहू म्हणजे नाही.

काकांची मुलगी माझ्याच वर्गात होती. एकदा दप्तर घेऊन ती तारेपाशी थांबली.

"शाळेत काऊन येत नाई तू?"

"रस्ता नाई," मी म्हटलं.

तिनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं, मी खोटं बोलते आहे.