पंखा बंद करून ऐकणारा

फणसवाडीच्या तोंडाशी जुन्या टेप, गाणी नीट करून देणाऱ्या एकाचा छोटा गाळा होता. माझ्या पेन ड्राइव्हमधली काही गाणी कुजबुजायची, काही एकदम अंगावर यायची आणि मग घरी आतून माझी बायको ओरडायची, "आवाज कमी करा हो!" मी तो ड्राइव्ह त्याच्याकडे नेला, तेव्हा त्याने कॉम्प्युटरवर एकेका गाण्याचा आवाज मोजून सगळी गाणी एका पातळीला आणायला घेतली.

काम चालू असताना तो मध्येच उठला, पंखा बंद केला आणि दुसऱ्या एका स्पीकरला कान लावून बसला. मी घामाघूम. वैतागून विचारलं, "एवढं काय ऐकताय?"

"बायकोचा आवाज. भाकऱ्या थापताना गुणगुणायची. एकदा टेप चुकून चालू राहिला होता. आता नाही ती."

मी ओशाळलो. म्हटलं, "मग तिचाही आवाज वाढवा की. तुमच्या हातचंच काम."

"वाढवला होता. पार रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागली." त्याने मान हलवली. "ती हळूच बोलायची, साहेब. ऐकायचं तर जवळ जावं लागायचं."

पंखा लावून त्याने पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

घरी आता सगळी गाणी एकसारखी वाजतात. आठवडा झाला, आतून एकदाही हाक आलेली नाही.