श्रेयाचा कॉम्प्युटर कुणी तापवला?

घरातलं एखादं मशीन बिघडलं, की तुम्ही आधी त्याचं झाकण उघडता, की घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसाकडं रोखून बघता? खरं सांगा. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. राजारामपुरीत छोटं दुकान आहे, लोकांच्या घरी जाऊनही कामं करते. माझ्या अनुभवात झाकणाचा नंबर दुसरा लागतो.

चौगुल्यांच्या घरी मी पोचले तेव्हा निकाल लागलेला होता. फक्त अंमलबजावणी बाकी होती.

“गेम खेळून खेळून मशीन जाळलं पोरीनं,” अण्णा चौगुले म्हणाले. अण्णांचं कागलच्या एमआयडीसीत लोखंड कातायच्या लेथचं वर्कशॉप आहे. आवाज लेथच्या वर ऐकू जावा असाच.

पोरगी म्हणजे श्रेया. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या रविवारी तिच्या कॉलेजच्या टीमची ऑनलाइन गेमिंगची फायनल होती, पुण्याच्या टीमशी. कॅप्टन हीच. आणि हिचा कॉम्प्युटर गेम सुरू केला की आधी रखडायचा, मग खटकन बंद पडायचा. सेमीफायनल बाकीच्या चौघांनी कशीबशी ओढून नेली होती.

“रविवारी परत बंद पडला, तर हे धूड सरळ वर्कशॉपला,” अण्णांनी मला ऐकवलं. “तिथं ड्रॉइंग बघायला लागतंयच की. हिला अभ्यासाला जुना लॅपटॉप बास हाय.”

 मुलगा खेळला तर त्याची आवड असते, मुलगी खेळली की मशीन जळतं. हा नियम कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे ते मी अजून शोधते आहे.

आधी एका दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच सांगितलं होतं, “प्रोसेसर गेला, नवा टाका.” आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. नाडी न बघता ऑपरेशनची तारीख द्यायची. मला याचा राग येतो.

मी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली आकडेमोड करणारी चिप. काम वाढलं की ती तापते. तिच्यावर कूलर बसवलेला असतो, म्हणजे पातळ पत्र्यांचा धातूचा ठोकळा आणि त्याला पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवून लावतो. श्रेयाचा प्रोसेसर काही काम नसताना सत्तर अंशांवर बसला होता. गेम सुरू केला, तर बघता बघता शंभराला टेकला. तिथं पोचल्यावर प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. तरी भागलं नाही तर सगळंच बंद होतं.

“बघा,” अण्णा म्हणाले, “गेम चालू केला की तापतोय.”

“अण्णा, लेथ चालू केला की त्यावरचा लोखंडाचा जॉब तापत न्हाय?”

“तापतोय की. पण त्याला गार करायला कूलंट असतंय.”

“यालाही असतंय. ते कुठं अडलंय तेवढंच बघायला आलेय मी.”

कॅबिनेटची बाजू काढून गेम परत चालवला. आकडा शंभरावरून हलला नाही. म्हणजे अडचण कॅबिनेटमध्ये कोंडलेल्या हवेची नव्हती. आत वाकून बघितलं आणि चक्रावले. आत धूळच नव्हती. रस्त्यालगतचं घर, खिडकीपाशी टेबल, आणि आत धूळ नाही? पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं तर बोट तेलकट झालं. पंखा फिरत होता, पण खडखडत.

“श्रेया, हा साफ कुणी केलाय?”

“कुणीच न्हाय दीदी. मी तर उघडलोच न्हाय कधी. वॉरंटी जाते म्हणून.”

याच क्षणी अण्णांना चहाची आठवण झाली. “श्रेया, आईला चहा टाकायला सांग जा. आणि घेऊनच ये.”

ती आत गेली. मी कूलरचे स्क्रू सोडवले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रोसेसर आणि कूलर दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण एकमेकांवर ठेवले की मध्ये बारीक फटी राहतात. फटीत हवा, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका पुरतो.

कूलर उचलला तर खाली डाळ नव्हती. भाकरीवर लोणी थापावं तसं पिवळसर, चिकट काहीतरी थापलं होतं. तापून कडेनं ओघळलंही होतं. वास घेतला. हा वास कॉम्प्युटरचा नव्हता.

“अण्णा, हे ग्रीस कुठल्या बेअरिंगचं?”

अण्णांनी छताच्या पंख्याकडं बघितलं. मग दाराकडं. मग आवाज लेथच्या बराच खाली आला.

“ती मैत्रिणींबरोबर वाडीला दर्शनाला गेलती. म्हटलं, पोरीचं मशीन एकदा सर्व्हिसिंग करून द्यावं. गाडीत घालून वर्कशॉपला नेलं. कॉम्प्रेसरनं हवा मारली. हे खोललं, तर आतलं ग्रीस वाळून पांढरं पडलंवतं. म्हणून पुसून नवं घातलं. आमच्या लेथच्या स्पिंडलचं. कंपनीनं एवढंसं लावलंवतं, मी हात आखडला न्हाय.”

“कधी केलं हे?”

“गणपतीच्या आधी.”

“आणि तापायला कधी लागला?”

अण्णांनी बोटांवर दिवस मोजले. “गणपतीत,” म्हणाले.

मी त्यांना समजावलं. ग्रीस घासणाऱ्या गोष्टींसाठी. इथं काहीच घासत नाही, इथं फक्त उष्णता पलीकडं जायला हवी, आणि तुम्ही मध्ये गोधडी अंथरलीत. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, ते पात्यांवर बसलं. हवेच्या जोरानं पंखा एवढा गरगरला की त्याचं बेअरिंग खिळखिळं झालं. अण्णांना सगळं एका दमात कळलं. लोखंडाशी आयुष्य काढलेला माणूस, कळायला वेळ लागणार नव्हता. कबूल करायला लागणार होता.

“तिला सांगू नका,” ते म्हणाले. “साफ केलं म्हणा नुसतं.”

मला हसू येत होतं आणि रागही. त्यांनी केलं ते मायेपोटी, यात शंका नाही. पण माया अण्णांची आणि शिक्षा श्रेयाला, हे कसं चालेल?

“साफ केलं म्हटलं तर खापर तिच्याच डोक्यावर राहतंय,” मी म्हणाले. “मी काही सांगणार न्हाय अण्णा. तुम्ही सांगा. तोवर मी कूलर बसवत न्हाय.” कूलर माझ्या हातातच होता.

श्रेया चहा घेऊन आली. मागून तिची आई, म्हणजे काकूही आल्या. अण्णांनी घसा साफ केला.

“श्रेया, ते गेमनं तापत नव्हतं.”

“मग?”

“मी ग्रीस घातलंतं.”

श्रेयानं कूलर माझ्याकडून घेतला, उलटा केला, हुंगला. “पप्पा, स्पिंडलचं?”

“चांगलं ग्रीस हाय ते.”

“मग उद्या तुमच्या लेथला मी थर्मल पेस्ट लावून येतो. ती पण चांगली हाय.”

“आणि गणपतीपासून पोरीला बोलताय ते?” काकूंनी विचारलं.

अण्णांनी चहा बशीत ओतला. बशी रिकामी झाल्यावर म्हणाले, “मशीन कुठं जात न्हाय. आणि रविवारी मी पण वर्कशॉपला जात न्हाय. बघतो कशी खेळतीस.” चौगुल्यांच्या घरात माफीचं हे सगळ्यात मोठं माप असावं.

मग मी कूलर बसवला. आधी ग्रीस अल्कोहोलनं पुसून काढलं, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण अण्णांनी खरंच हात आखडला नव्हता. डाळीएवढी पेस्ट लावली, पंखा नवा घातला. गेम सुरू केला. आकडा चढत गेला आणि सत्तरच्या जरा पुढं जाऊन थांबला. प्रोसेसर शाबूत होता. नवा टाका म्हणणाऱ्याला हे कळवायची माझी फार इच्छा आहे.

रविवारी संध्याकाळी श्रेयाचा फोन आला. “हरलो दीदी.”

“आणि मशीन?”

“एकदा पण बंद पडलं न्हाय. आम्हीच कमी पडलो.” आवाजात रडू नव्हतं. हे हरणं मशीनचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं.

मग अण्णांनी फोन घेतला. “मॅडम, पंच्याहत्तरच्या वर गेलं न्हाय. मी शेवटपर्यंत आकड्यावर नजर ठेवून होतो.” मॅच कुणी बघितली, ते मी विचारलं नाही.

तर माझी एक विनंती आहे. घरात पुढच्या वेळी काही बिघडलं, की “तुझ्यामुळं” हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधी एवढंच विचारा, याला शेवटचा हात कुणी लावला होता? सगळे घरात असताना विचारा, मोठ्यानं. आणि उत्तर “मी” असेल, तर चहा यायच्या आत सांगून टाका.