फोटो नसलेल्या ताई

सबंध सिल्वासात स्वतःच्या चेहऱ्याची इतकी राखण करणारी बाई आमच्या थोरल्या नणंदेशिवाय दुसरी झाली नसेल. लोक दागिने लपवतात. ताई तोंड लपवत. आमलीतल्या त्यांच्या घरी हळदीकुंकवाला कुणी मोबाइल उचलला, की त्या तिळगुळाचं ताट तोंडासमोर धरत. लग्नात ग्रुप फोटोची हाक आली, की सगळ्यांत उंच पाहुण्यामागे जाऊन उभ्या. दुधनीच्या जलाशयावर सहलीला गेलो, तर आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसतोय आणि ताई पाठ फिरवून पाण्याकडे बघताहेत. पाहणाऱ्याला वाटावं, घरात भांडण झालंय.

पूर्वी हा नुसता संकोच होता. मग त्यांच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या, खडोलीच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलीचा एका परक्या माणसाबरोबरचा फोटो मोबाइलवर फिरला. एआयने बनवलेला; चेहरा तेवढा तिचा. खोटा आहे हे सगळ्यांना पटलं, तरी पोरगी नोकरी सोडून नंदुरबारला निघून गेली. त्यानंतर ताई भेटेल त्या नातेवाइकाला आपले फोटो मोबाइलमधून पुसायला लावू लागल्या. मला हसू आलं, तर म्हणाल्या, "हस बाई तू. पण माझं तोंड माझ्यापाशीच राहू दे."

गेल्या वर्षी ताई अचानक गेल्या. दिवसकार्यातल्या गंधमुक्तीच्या विधीची यादी माझ्याकडे होती. हार, समई, पाट, सगळं वेळेवर आलं, फोटोच नव्हता. आधार कार्डासाठी काढताना त्या हलल्या होत्या, मोठा केला की नुसता डाग दिसे. त्यांच्या मुलाने तोच डाग मोबाइलमधल्या एआयला दिला आणि चहा होईपर्यंत ताई तयार झाल्या. समोर बघणाऱ्या, हसऱ्या. मी म्हटलं, अरे, आईला हे चाललं नसतं.

"मामी, मग हार कुणाला घालू?" तो म्हणाला.

फोटो सगळ्यांना आवडला. ताईंबरोबर रोज चहा घेणारी शेजारीणसुद्धा डोळे पुसत "हुबेहूब" म्हणाली. पण ताईंचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. फोटोतले दात एका ओळीत होते. घरी आल्यावर मी हे नवऱ्याला सांगितलं. सख्खा भाऊ त्यांचा. बराच वेळ आठवत राहिला.

"चढलेला होता? नाही गं. फोटोत बघ ना."

फोटोची एक प्रत आमच्याही भिंतीवर आहे. त्या बाईची मला भीती वाटते. स्वयंपाक करताना मी ताईंना आठवून बघते. त्यांचा आवाज येतो, बांगड्या येतात, आणि चेहऱ्याची वेळ आली की ही हसत पुढे होते. दात चढलेला होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. डावा की उजवा, ते मात्र आता सांगता येत नाही.