मंडळ की पंगड

कोल्हापूर सोडून गोव्यात नोकरीला निघाले तेव्हा जो भेटेल तो म्हणायचा, मजा आहे बुवा तुझी. या लोकांच्या डोक्यातला गोवा म्हणजे समुद्र आणि बाटली. मी पोचले ती पेडण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात. तिथे प्रयोगशाळेत दिवसभर गोळ्या पाण्यात विरघळवत बसायचं आणि संध्याकाळी धारगळच्या भाड्याच्या खोलीत परतायचं. खोलीतून समुद्र दिसत नव्हता. हमरस्त्यावरचे ट्रक दिसत होते, आणि रस्त्याकडेला कलिंगडं विकणारी माणसं.

सहा महिने प्रोबेशन होतं. ते संपलं की साहेब विचारणार होते, इथे कायम होणार की कोल्हापूरच्या ऑफिसात परत जाणार. परत जाणं म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. आईने दोन स्थळं बघून ठेवली होती आणि दोघांपैकी एकाने फोनवर मला विचारलंही होतं की लग्नानंतर ‘ते कार्टूनचं वेड’ राहणार का. मी मनाशी अट घातली. या नव्या मुलखात माझ्यासारखा एक जरी माणूस सापडला, ज्याच्याशी तासभर मनासारखं बोलता येईल, तर राहायचं. नाही सापडला तर मुकाट्याने सामान बांधायचं. कुणाला ही अट पोरकट वाटेल. अशांशी मला तेव्हाही काही बोलायचं नव्हतं आणि आताही नाही.

वेड होतं ॲनिमेचं. जपानी माणसांनी काढलेले चित्रांचे सिनेमे आणि मालिका. कोल्हापुरात आम्ही चौघं होतो, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत जमायचो, एकच लॅपटॉप, आणि बघून झाल्यावर भांडणं. ती भांडणं मला जेवणाइतकी लागायची. इथे पहिल्या आठवड्यातच माझ्या घरमालकिणीने दारातून आत डोकावून मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढा शिकलला चेडू आणि कार्टूनां बघता?” तिच्या मागे तिचा नवरा उभा होता. तो हसला. चेडू म्हणजे मुलगी. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्यावर मी ‘कार्टून बघणारं चेडू’ झाले होते. या बाईला स्वतः रोज संध्याकाळी सासू-सुनांच्या तीन मालिका लागायच्या, एकीतली सासू दोनदा मरून परत आली होती, पण तो मोठ्या माणसांचा कार्यक्रम.

फेसबुकवर शोधलं तर पणजीत एक ग्रुप निघाला. रविवारी सकाळी धारगळहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, बसमध्ये उभ्याने गेले. एका कॅफेत दहाएक जण बसले होते. सगळे एकमेकांच्या नावापुढे ‘सान’ लावत होते. ‘सान’ म्हणजे जपानीत आपलं ‘राव’. इथे ते लावून वेटरला मात्र “ए, पाणी हाड”, म्हणजे पाणी आण, म्हणत होते. त्यांच्यातला म्होरक्या दाढीवाला होता. त्याने माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पहिलं काय पाहिलंस, मूळ जपानीत की डब केलेलं, अमुक मालिकेच्या शेवटाबद्दल मत काय. मी डब केलेलं बघत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा मवाळ झाला. त्या एका बाबतीत मीही तितकीच सोवळी होते.

मग त्याने विचारलं, “तूं गोंयची न्हय मगो?”

“नाही. कोल्हापूरची.”

“म्हणजे घाटावयली,” तो म्हणाला आणि शेजारच्याकडे वळून अगदी सहज, मी बहिरी असल्यासारखा म्हणाला, “भायली ती.” भायली म्हणजे बाहेरची. कळायला मला काही कोंकणीचा शब्दकोश लागत नव्हता. त्यांच्या ग्रुपचा नियमच होता, बाहेरच्यांना ‘पाहुणे’ म्हणून घ्यायचं. पाहुण्यांनी यावं, खावं, पण पुढच्या वेळी काय बघायचं ते त्यांनी ठरवायचं नाही. मला टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली.

आणि मग या गृहस्थाने अर्धा तास भाषण केलं. विषय होता, जपानमधला परका. जपानी लोक बाहेरच्याला ‘गायजिन’ म्हणतात. तुम्ही त्यांची भाषा शिका, त्यांच्यासारखं वाकून नमस्कार करा, जन्मभर तिथे राहा, तुम्ही गायजिनच. “मी उद्या तिथे गेलो,” तो म्हणाला, “आणि माझ्यापेक्षा जास्त प्रेम त्यांच्या कलेवर कुणी केलं नसलं, तरी मला ते आपलं म्हणणार नाहीत.” डोळे पाणावले होते त्याचे, खोटं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टोकाच्या खुर्चीवरून बघत होते. एकाच तोंडातून दोन शब्द निघाले होते, भायली आणि गायजिन, आणि मधे अर्ध्या तासाचंही अंतर नव्हतं, तरी त्या तोंडाला पत्ता नव्हता. मी कॉफी अर्धी टाकून उठले. इतकी ठार बहिरी माणसं मी कोल्हापुरात तालमीतसुद्धा पाहिली नव्हती.

त्यानंतर कितीतरी आठवडे मी कुठे गेले नाही. कारखान्यात बेळगावकडची पोरं होती, बरी होती, पण त्यांना क्रिकेट पुरत होतं. एप्रिल उजाडला. प्रोबेशन संपत आलं आणि आईचे फोन वाढले.

तेवढ्यात कळलं की डिचोलीत नवा क्लब निघतोय. काढणारे स्थानिकच, नोकरदार घरांतली पाच पोरं, सगळी पंचविशीतली. मी गेले तर त्यांनी चक्क हसून स्वागत केलं, खुर्ची मधे दिली, भायली वगैरे भानगड नाही. मला वाटलं, सुटले. मग सभा सुरू झाली.

पाच माणसांत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडून झाले होते. पाचवा सभासद होता आणि त्याला त्याचं दुःख होतं. मी आल्यामुळे सभासद दोन झाले, म्हणून तो माझ्यावर खूश होता. सभेपुढे एकच विषय होता, क्लबचं नाव. जपानी चित्रकथांच्या पुस्तकांना मँगा म्हणतात, तेव्हा नावात ‘मँगा’ असावं यावर पाचांचं एकमत. पण पुढे ‘मंडळ’ म्हणायचं की ‘पंगड’? मंडळ म्हटलं तर मराठी होतं, पंगड म्हटलं तर कोंकणी. झालं. अध्यक्ष मंडळवाला, सचिव पंगडवाला. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी हा वाद पेटला होता तेव्हा यांच्यापैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता, पण सचिव असा बोलत होता जणू त्या दिवसांत त्याने स्वतः लाठी खाल्ली आहे. अध्यक्ष म्हणाला, आमच्या आज्याने मराठी शाळा काढली. सचिव म्हणाला, म्हणून आम्ही आईची भाषा सोडायची? दोघंही हे भांडण ज्या भाषेत करत होते ती निम्मी कोंकणी, निम्मी मराठी आणि मधे मधे इंग्रजी होती.

दुसरी सभा, तोच विषय. तिसरी सभा, तोच विषय. तीन रविवारांत आम्ही एक मिनिटाचाही ॲनिमे पाहिला नाही. मी एकदा म्हटलं, नाव राहू दे, काहीतरी लावा. उपाध्यक्षाने मला समजावलं की ताई, पाया पक्का पाहिजे. ही पोरं घराचा पाया घालता घालता म्हातारी होऊन त्यातच पुरली जाणारी होती, हे मला दिसत होतं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी जात राहिले.

शेवटी तोडगा निघाला. पहिला कार्यक्रम करायचा, सगळ्यांना खुलं आमंत्रण द्यायचं, आणि फलकावर ज्यावर एकमत आहे तेवढंच लिहायचं: ‘मँगा’. पुढे नुसतं ‘क्लब’. पंचायतीचा हॉल मिळाला. फलक लिहायचं काम हॉलच्या शिपायाकडे गेलं. त्याने कागद वाचला, पोरांनी घाईत चूक केली असं त्याला वाटलं, आणि भल्या मनाने त्याने ती सुधारली. आम्ही पोचलो तेव्हा दारात खडूने सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मँगो क्लब. सर्वांना आमंत्रण.’ तीन रविवार घासून ज्या एका शब्दावर यांचं जमलं होतं, तोच गेला. दिवस आंब्याचे होते.

हॉलमध्ये समोरच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. साठीची असावी. पायाशी पिशवीत मानकुराद आंबे, मांडीवर मांगाडाच्या दोन बाटल्या. मांगाड म्हणजे आंब्याचा घट्ट गोड मुरांबा. बचत गटाचं काहीतरी प्रदर्शन आहे, आपलाही माल मांडू, या हिशेबाने ती आली होती. “हांगा आंब्यांचें कितें तरी आसा न्हय गो?” तिने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष पुढे झाला. कार्यक्रमाला बाहेरचं दुसरं कुणीच आलेलं नव्हतं, त्यामुळे हा एकमेव प्रेक्षक त्याला सोडायचा नव्हता. “बसा मावशी, आधी एक सिनेमा आहे,” तो म्हणाला. आंब्याचं काय ते त्याने सांगितलंच नाही. मग समई पेटवली, कारण समई पेटवल्याशिवाय गोव्यात कुलूपसुद्धा उघडत नाहीत. अध्यक्षाने मराठीत प्रास्ताविक केलं, सचिवाने तेच कोंकणीत केलं. बाई पदर खोचून शांत बसली होती.

सिनेमा लागला. जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. मी तिच्या शेजारी बसले होते. थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी आली. “बाय, तें कितें म्हणटा?”

मी सांगायला लागले. नदीवर होडी चालवणाऱ्याची मुलगी आहे मावशी, बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही, आता ही त्याच्या जागी होडी चालवते आणि चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड निरखून बघते. जन्मभर मी डबिंगला नावं ठेवत आले, आणि आता सगळ्या पात्रांचं मीच डबिंग करत होते, हलक्या आवाजात, कोल्हापुरी मराठीत. मी थांबले की ती म्हणायची, “मागीर?” मागीर म्हणजे मग पुढे. पडद्यावरून तिची नजर हलत नव्हती. मुलीने वल्हं पाण्यात टाकलं तेव्हा हिचे हात मांडीवरच्या बाटल्यांवर आवळले गेले.

एवढ्यात मागून सचिव म्हणाला, “ताई, कोंकणींत सांग. तांची भास कोंकणी.”

“डिचोलीत सगळ्यांना मराठी कळतं,” अध्यक्ष म्हणाला.

“कळतं म्हणून काय?”

आणि ते सुरू झाले. सिनेमा चालू असताना. पडद्यावर ती पोर पुरात होडी घेऊन निघाली होती, आणि हे पाच जण मी एका बाईच्या कानात कोणत्या भाषेत कुजबुजावं यावर उभे राहून भांडत होते. खजिनदाराने तर हे मतदानाला टाकावं असं सुचवलं. मला त्या क्षणी त्यांची इतकी किळस आली की उठून प्रोजेक्टरची वायर ओढावी असं वाटलं.

बाईने मान वळवली. “तुमी मातशे ओगी रावात,” ती म्हणाली. गप्प राहा जरा. “तिका सांगूं दियात.”

ते ओगी राहिले. पण फार वेळ नाही. भाषणांनी आणि भांडणांनी वेळ खाल्ला होता, आणि हॉल संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाला दिलेला होता. शिपाई चावी घेऊन आला, दिवे लागले, सिनेमा अर्ध्यात बंद झाला. अध्यक्ष आभार मानायला उभा राहिला. बाई तशीच बसून राहिली, कोऱ्या पडद्याकडे बघत. मग तिने माझं मनगट धरलं.

“बापूय येता गो परत?”

मी शेवट जाणून होते. तिला तिथल्या तिथे सांगता आला असता. ती म्हणाली, “म्हजो पूत शिपार आसा,” शिपार म्हणजे जहाजावर, “वास्कोच्यान गेला. फोन ना, कितें ना.” आणि परत विचारलं, येता?

ज्याने पाहिलं नाही त्याला शेवट सांगायचा नाही, हा एवढा एकच धर्म मी आजवर पाळला आहे. त्या घटकेला तो पाळणं मला जड गेलं. मी म्हटलं, “मावशी, ते सांगत नसतात. ते बघायचं असतं. मी लॅपटॉप घेऊन येईन.”

तिने जरा विचार केला. “आयतारा म्हजेगेर यो,” ती म्हणाली, रविवारी माझ्या घरी ये, आणि घर कुठे ते सांगितलं. मांगाडाची एक बाटली माझ्या हातात दिली. दुसरी तिने कमिटीला द्यायला काढली होती, पण दारात मंडळ की पंगड पुन्हा पेटलेलं ऐकून ती पिशवीत परत ठेवली. क्लबची पुढची सभा कधी झाली मला माहीत नाही. झाली असेल तर नावावरच झाली असेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांनी मी परत जाणार असंच धरलं होतं. इथे तुमचं कुणी नाही, मुलीच्या जातीला अवघडच, वगैरे समजूतदार बोलणं त्यांनी तयार ठेवलेलं होतं. मी राहते म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली.

“कशासाठी?” त्यांनी विचारलं.

“डिचोलीत एका बाईंना अर्धा सिनेमा दाखवायचा राहिलाय.”

ते हसत म्हणाले, “बरं, आणि तो दाखवून झाल्यावर?”

“मग त्या म्हणतील, मागीर?”